हात काकूंचे, डोकं नटीचं

काकूंना रागावायला कारण लागायचं नाही, आणि या वेळी तर कारण होतं. चांगलं सिनेमाच्या पडद्याएवढं कारण होतं.

पण आधी काकू कोण ते सांगतो. बसथांब्याच्या मागच्या गल्लीत एका शिंप्याचं दुकान आहे. त्याच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, दोन खोल्या आणि एक लांबट गॅलरी. खाली यंत्रांची घरघर, वर पोरांची. ते काकूंचं पाळणाघर. सकाळी कामावर निघालेले आईबाप जिना चढून यायचे, पोर काकूंच्या हातात द्यायचे आणि त्याने भोकाड पसरायच्या आत खाली सटकायचे. काकूंना सगळे काकूच म्हणायचे. पोरं म्हणायची, पोरांचे आईबाप म्हणायचे, शिंपी वयाने मोठा असून म्हणायचा. काकू मात्र सगळ्यांना अरेतुरे आणि अगंतुगं. बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या बाईलाही त्यांनी एकदा दारातच पकडलं होतं, "काय गं, लेकाची नखं कापायला आख्खा रविवार पुरला नाही का तुला?" बाई ओशाळली आणि दुसऱ्या दिवशी नखं कापून पोर घेऊन आली. काकूंचं असंच होतं. शिव्या खायच्या, पण पोर तिथेच ठेवायचं, कारण काकूंकडे ठेवलेल्या पोराची काळजी घरी आईला करावी लागायची नाही.

नवरा गेला तेव्हा काकूंचा मुलगा शाळेत होता. शेजारणीचं एक तान्हं सांभाळायला घेतलं, मग दुसरं आलं, मग तिसरं, आणि खोल्या भरल्या. आता मुलगा मोठा होऊन फिरतीच्या नोकरीत लागला होता, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. काकूंनी काम सोडलं नाही. दुपारी एकदा पोरं झोपली की त्या घरात कोणी आवाज चढवायचा नाही, हा त्यांचा कायदा. भांडायचं असेल तर कुजबुजत भांडायचं. आणि काकू कुजबुजत इतकं झकास भांडायच्या, की एकदा गॅसवाला रिकामी टाकी तशीच टाकून जिना उतरला होता. शहरात काही ठिकाणी पोरांना गुंगीचं औषध पाजून झोपवतात म्हणे. असं कोणी नुसतं बोललं तरी काकूंचं डोकं फिरायचं. "हात तोडले पाहिजेत मेल्यांचे," म्हणायच्या. थोपटून, गाणी म्हणून, पाय चोळून, दामटून, जमेल तसं झोपवायचं, पण तोंडात काही घालायचं नाही.

आता त्या हातांचीच गोष्ट.

पाळणाघरात दोन जुळ्या मुली होत्या. त्यांचा बाप सिनेमात कॅमेरा चालवायचा. एक दिवस मुलींना न्यायला आला तो तोंड पाडून. "काकू, आमच्या नटीला पोराला दूध पाजता येत नाही. हात सुंदर आहेत हो तिचे, पण कधी पेला ढवळला असेल असं वाटत नाही. पोर बघतं आणि तोंड फिरवतं. नुसते हातच दाखवायचेत, चेहरा नाही. तुम्ही याल का?"

"माझे हात? सिनेमात?" काकू हसल्या. "भांडी घासून घासून साल निघालीय बघ."

"तसेच हवेत," तो म्हणाला.

सुट्टीच्या दिवशी काकू गेल्या. एका गोदामात तीनच भिंतींची खोली उभी केली होती, चौथ्या भिंतीच्या जागी दिवे आणि माणसं. दिग्दर्शक म्हणजे दाढी वाढवलेला, हळू आवाजात बोलणारा पोरगाच होता. "काकू, घरी जसं करता तसंच करा," एवढंच त्याने सांगितलं. समोर खुर्चीवर चारेक वर्षांचं पोर सकाळपासून रडून लाल झालेलं. काकूंनी आधी त्याचं नाक पुसलं आणि मग तिथल्या पाचपन्नास माणसांवर डोळे वटारले. मग दूध कोमट केलं. शेजारी एक तपकिरी बाटली ठेवली होती, त्यातले थेंब दुधात घालायचे होते. काकूंनी आधी स्वतः चाखून पाहिलं, साखरेचं पाणी होतं. "टॉनिक समजा," दिग्दर्शक म्हणाला. काकूंनी थेंब घातले, ढवळलं, चमचा पेल्याच्या काठावर दोनदा आपटला, एक थेंब मनगटाच्या आतल्या बाजूवर टाकून पाहिला, फुंकर घातली आणि पोराच्या ओठाला पेला लावला. पोर घटाघटा प्यायलं आणि म्हणालं, "अजून." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"कशावर आहे रे सिनेमा?" निघताना काकूंनी विचारलं.

"एका मावशीवर. बहीण वारलेली असते, तिच्या पोराला सांभाळते."

"बरं आहे. नाहीतर हल्ली नुसती मारामारी असते," काकू म्हणाल्या. त्यांना फुलांचा मोठा गुच्छ मिळाला. तो त्यांनी बादलीत ठेवला आणि सोमवारी पोरांनी त्याच्या पाकळ्या पाकळ्या केल्या. काकू विसरूनही गेल्या.

मग सिनेमा आला. आणि काय सिनेमा! पोराचा बाप परगावी, आज ना उद्या पोराला न्यायला येणार. त्याची यायची वेळ झाली की पोर आजारी पडतं. डॉक्टर चक्रावतात, बाप हात हलवत परत जातो. प्रेक्षकांना तेवढं दिसतं की मावशी दुधात काहीतरी घालते. काय घालते, का घालते, एक अक्षर नाही. ती पकडलीही जात नाही. शेवटी बाप तिचे हात हातात घेऊन म्हणतो, याला तूच जगवलंस, आता तुझ्याकडेच राहू दे. संपला सिनेमा! दिग्दर्शक प्रश्न टाकून मोकळा झाला. उत्तरं देत कोणी बसायचं? काकूंनी!

कारण हात लगेच ओळखले गेले. लहानपणी दारात सापडून काकूंची डावी करंगळी वाकडी झाली होती, ती पडद्यावर हातभर लांब दिसत होती. पहिले दोन दिवस कौतुक झालं. "काकू, तुमची करंगळी नटी झाली हो!" काकूही मिरवल्या, खोटं कशाला बोला. मग एकेकजण थांबायला लागला. पोर हातात देता देता विचारायला लागला, "पण काकू, ती असं का करते?"

"मला काय विचारतोस? माझे नुसते हात होते त्यात, डोकं नटीचं होतं. जा, तिच्या डोक्याला विचार."

पण लोकांना उत्तर हवंच होतं कुठे? ते स्वतःचं उत्तर घेऊनच यायचे. शिंपी यंत्र थांबवून म्हणाला, "इस्टेट, काकू, दुसरं काय. पोर हातात तर बाप हातात." कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने सांगितलं की हा एक आजार असतो, त्याला नाव आहे, आणि ते नाव त्याने दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा वेगळं. बँकवाली म्हणाली, "तिला स्वतःचं मूल नाही ना, त्यातून आलंय ते सगळं."

"म्हणजे मूल नसलेल्या बायका काय विष घालत फिरतात का गं?" काकू कडाडल्या. "अक्कल गहाण ठेवलीस का बँकेत?"

बँकवाली गोरीमोरी झाली, पण हटली नाही. "तसं नाही, काकू. पण ते करताना तुम्हाला काय वाटत होतं?"

"दूध गार होतंय असं वाटत होतं!"

त्यानंतरच्या आठवड्यात बँकवालीने लेकाचं दूध घरून बाटलीत पाठवायला सुरुवात केली. मग लेकाला पाठवणंच बंद केलं, त्याच्या आजीला गावाहून बोलावून घेतलंय म्हणे. एका बापाने चपला काढता काढता सहज विचारल्यासारखं विचारलं, "काकू, औषधंबिषधं कुठे ठेवता हो तुम्ही?" काकूंनी त्याला हाताला धरून आत नेलं आणि कपाट त्याच्यासमोर उपसलं. कापूस, मलम, तापमापक, जखमेवर लावायची पट्टी, सगळं गॅलरीत मांडलं. "बघ. वास घे. चाखून बघ हवं तर. आणि मग तुझ्या पोराला उचल आणि चालू लाग. माझ्यावर डोळा ठेवून पोर ठेवायचं असेल तर तुझं पोर मला नको." तो माणूस माफी मागत खाली गेला, पण पोर घेऊन गेला. दुपारी मोकळ्या राहिलेल्या गाद्या काकू रोज झटकायच्या आणि रोज नव्याने संतापायच्या. इतकी वर्षं शी-शू काढली, ताप उतरवले, आणि एका दाढीवाल्याच्या दोन तासांच्या खेळाने सगळ्यावर बोळा फिरवला. डोंबलाची ती कला!

तरी हे सगळं काकूंनी पचवलं असतं. पण गुंडी यायची बंद झाली.

गुंडी म्हणजे नात. नाव वेगळं होतं, पण जन्मली तेव्हा इतकीशी आणि गोल होती, की काकूंनी गुंडी म्हटलं आणि तेच राहिलं. मुलगा-सून वेगळे राहायचे. सून चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. सकाळी गुंडीला सोडायची, संध्याकाळी न्यायची. बाकीची पोरं काकूंकडे असायची. गुंडी काकूंची होती. दिवसभर पायात पायात, मागे मागे. गुंडीला साडेतीन वर्षं पूर्ण झाली तसं सुनेने दुकानाजवळच्या बालवाडीत तिचं नाव घातलं. काकूंना ते पसंत नव्हतं, आणि नापसंत गोष्ट काकू पोटात ठेवत नसत. पण जायचा दिवस ठरला की नेमकी गुंडी आजारी पडायची. पहिल्यांदा सर्दी-ताप, दुसऱ्यांदा कानाने आणि तापाने हैराण. बालवाडी लांबली, गुंडी आजीकडेच राहिली.

आणि आता सिनेमा लागल्यापासून सुनेचे फोन. "आई, आज तिला जरा बरं नाही, नाही आणत." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी काकूंनी फोनवर मागे गुंडीचं खिदळणं ऐकलं.

"बरं नाही ती हीच का?" काकू म्हणाल्या.

"आई, मी नंतर बोलते," म्हणून सुनेने फोन ठेवला.

काकू फोन हातात धरून उभ्या राहिल्या. बँकवाली परकी होती, तो कपाट बघणारा बाप परका होता. ही घरची! गाद्या सगळ्या रिकाम्या झाल्या तरी एकवेळ चाललं असतं काकूंना. गुंडी यायलाच हवी होती. ती नाही आली तर सकाळी उठायचं कशाला, इथपर्यंत त्या आल्या. आणि ज्याने हे केलं तो मेला सिनेमा त्यांनी अजून पाहिलासुद्धा नव्हता.

शनिवारी दुपारच्या खेळाला त्या एकट्या गेल्या. भांडायलाच आल्यासारख्या, पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या. नटी आली, गेली, रडली. काकूंना तिचं काही वाटलं नाही. मग हात आले. स्वतःचे हात एवढे मोठे कोणी कधी पाहिलेत? करंगळीची वाकडी पेरं, नखाजवळची सालटं, सगळं. थेंब पडले. चमचा पेल्यावर दोनदा वाजला. मनगटावर थेंब, फुंकर. मागच्या रांगेतली बाई शेजारणीला म्हणाली, "शी, बघ ना, किती प्रेमाने करतेय सटवी!"

काकू मागे वळल्या. "सटवी कोणाला म्हणतेस गं? दूध पाजतेय ती!"

"अहो, विष आहे त्यात!"

"साखरेचं पाणी आहे! मी चाखलंय!"

अंधारातून चारी बाजूंनी "शू" झालं. काकू पुढे वळून बसल्या, शेवटपर्यंत बसल्या, आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांचे कान तापले होते. हातात पिशवी होती हेही त्यांना घरी येऊन कळलं.

सोमवारी जुळ्यांचा बाप तावडीत सापडला. "तुला घरचा समजत होते मी," काकूंनी सुरुवात केली. "सांगायचं नव्हतंस काय घालतेय ते?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तसं केलं नसतं, काकू." तो बिचारा मान खाली घालून बोलत होता. "नटी करायची तेव्हा विष दिसायचं. काहीही करा, दिसायचंच. तुम्ही केलंत तेव्हा नुसती माया दिसली. दिग्दर्शक म्हणाला, हेच हवं होतं, आता हिला कोणी पकडू शकणार नाही."

"म्हणजे माझी माया उचललीस आणि त्या बाटलीवर चिकटवलीस! निर्लज्ज! आणि वर तुझ्या पोरी माझ्याकडेच ठेवतोस!"

"कारण मला माहीत आहे ना तुम्ही कशा आहात ते," तो म्हणाला. काकूंनी जुळ्यांचे बूट त्याच्या हातात कोंबले आणि दार लावून घेतलं.

आणि मंगळवारी सून आली. दुपारी, अर्धी रजा टाकून, एकटी. खोलीत उरलेली पाच-सहा पोरं झोपली होती. काकूंनी तिच्या मागे जिन्यात वाकून पाहिलं. तिथे कोणी नव्हतं.

"गुंडी?"

"शेजारच्या ताईंकडे ठेवलीय."

"शेजारच्या! जिला स्वतःच्या घरातलं झुरळ मारता येत नाही तिच्याकडे?" हे सगळं कुजबुजत, पण शिरा ताणून. "आणि सख्खी आजी इथे रिकाम्या गाद्या झटकतेय! तूही त्या बँकवालीच्याच वळणावर गेलीस का? सिनेमा पाहिलास आणि सासू विष घालते असं वाटलं तुला?"

"तसं नाही, आई." सून मुळात कमी बोलायची, आणि जे बोलायची ते तोलून बोलायची. ती भिंतीला टेकून खाली बसली. "बसा ना. एक विचारायचंय. ती बाई असं का करते, तुम्हाला काय वाटतं?"

"झालं! तू तेवढी राहिली होतीस!" काकू बसल्या नाहीत. "सगळ्या गावाने डोकं खाल्लं, आता घरच्यांनी खा. त्या शिंप्याला इस्टेट दिसते, औषधवाल्याला आजार दिसतो. एकालाही पोर सांभाळण्याची अक्कल नाही. ऐकायचंय ना? ऐक. त्या बाईला पोराचं वाईट करायचंच नाहीये. करायचं असतं तर एकदाच पुरतं केलं असतं. तिला पोर थोडंसं आजारी हवंय. थोडंसंच. पोर धडधाकट असलं की दाराकडे बघतं. बाप, गाडी, नवीन शाळा, नवी पोरं, सगळं त्याला हवं असतं, आणि आपण तिथे बसलोय हे त्याच्या ध्यानातही नसतं. तापलं की ते दाराकडे बघत नाही. मांडीतून हलत नाही. मान अशी खांद्यात खुपसतं, आणि पाणी आणायला उठलं तरी हात सोडत नाही. तेव्हा त्याला आईसुद्धा नको असते. आणि त्याला बरं कोण करतं? तीच करते ना! जागते, पट्ट्या ठेवते, अंग पुसते. ते काही खोटं नसतं तिचं. त्यात नाटक नसतं. ते पोर तिच्या हातून बरं होतं, यापलीकडे तिला काही नको असतं. एवढी साधी गोष्ट आहे, आणि हे शहाणे लोक..."

काकू थांबल्या. एक पोर झोपेत कुशीवर वळलं. पंखा कुरकुरत होता.

"हे सिनेमात नाहीये," सून हळूच म्हणाली. "सिनेमात ती एक शब्द बोलत नाही."

"मग? बघितलं की कळतं."

"मीही बघितला. दोनदा बघितला. मला नाही कळलं." सुनेने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आई, बालवाडीच्या आदल्या दिवशी तुम्ही गुंडीला न्हाऊ घातलंत. मी न्यायला आले तेव्हा तिच्या केसांतून पाणी गळत होतं, फ्रॉक मानेपासून ओला होता, आणि ती बरोब्बर पंख्याखाली बसली होती. मी म्हटलं, हे काय? तुम्ही म्हणालात, विसरले गं, इतकी पोरं. मी म्हटलं, होतं. दुसऱ्या वेळीही तसंच झालं. तेव्हा गुंडीच म्हणाली, आजी म्हणाली केस असेच राहू देत. तरी मी काही मनात आणलं नाही. मग तो सिनेमा पाहिला."

आता काकूंना जो राग आला तो आजवरच्या रागांत बसणारा नव्हता. दुसऱ्यांच्या पोरांची डोकी त्या टॉवेलने इतकी खसाखसा पुसायच्या की पोरं ओरडायची. एक केस ओला राहू द्यायच्या नाहीत. आणि ही कालची पोर त्यांना विचारत होती! "नाही" हा शब्द त्यांच्या जिभेवर तयार होता. नाही, कसं शक्य आहे, तोंड सांभाळून बोल, हे पुढचंही तयार होतं. पण आत्ताच जे धाडधाड बोलून झालं होतं ते त्यांनी स्वतःही पहिल्यांदाच ऐकलं होतं, आणि ते त्या सिनेमात नव्हतं.

"हो," काकू म्हणाल्या. "ठेवले ओले. दोन्ही वेळा ठेवले. काय करायचं होतं मी? आयुष्यभर लोकांची पोरं वाढवली, वाढली की गेली, एकही परत जिना चढून आलं नाही. मुलगा महिन्यातून चार दिवस तोंड दाखवतो. ही एक माझी होती, तिलाही तू उचलून त्या बालवाडीत नेऊन टाकणार! आणि काय करत होते मी? केसच ओले ठेवले ना? सर्दीच झाली ना?"

"तिचा कान वाहत होता, आई. रात्रभर किंचाळत होती ती."

"मला सांगतेस? माहीत नाही का मला? रात्रभर मीच तर मांडीवर घेऊन बसले होते ना तिला! तुझ्याकडे येतच नव्हती ती, मलाच..."

सून बघत होती. काकूंनी तोंड फिरवलं आणि गॅलरीच्या दाराला धरून उभ्या राहिल्या. राग कमी झाला नव्हता. फक्त आता तो करायला समोर दुसरं कोणी सापडत नव्हतं.

मागून सून म्हणाली, "मी येताना ठरवून आले होते. तुम्ही नुसतं नाही म्हणालात की विषय संपला. उद्या सकाळी गुंडीला आणून सोडणार होते मी. परत कधी विचारणार नव्हते."

"मग खोटं बोलायला हवं होतं का मी?"

"नाही." सून उठली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज तसाच होता. "पण आता मी काय करू ते तुम्हीच सांगा. मला खरंच कळत नाहीये. इतकी वर्षं आया तुम्हालाच विचारत आल्या. एखादी आई तुमच्याकडे आली असती, म्हणाली असती, काकू, माझं पोर जिच्याकडे ठेवते ती त्याला मुद्दाम आजारी पाडते. तुम्ही तिला काय सांगितलं असतंत?"

काकू गर्रकन वळल्या. उत्तर त्यांना शोधावं लागलं नाही. ते त्यांच्याकडे कायमचंच तयार होतं, आणि दुसऱ्या कोणत्याही दिवशी त्यांनी ते दणकून दिलं असतं.

"उचल म्हटलं असतं पोर," काकू म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता उचल, आणि तिने कितीही गयावया केली तरी परत तिच्या दारात उभं करू नकोस."

सुनेने मान हलवली, चपला घातल्या आणि ती जिना उतरून गेली.